पेडलवरचा पाय

सुग्राबीला नवऱ्याच्या तोंडापेक्षा त्याचे पाय जास्त ओळखीचे होते. दारव्ह्यात हबीब मिस्त्रीचं गॅरेज पुढं, घर मागं आणि मधल्या भिंतीत चुलीच्या धुरासाठी सोडलेला झरोका. भाकरी थापताना सहज बघितलं की कुठल्या तरी जीपखालून बाहेर आलेले दोन पाय दिसत. टाचांना भेगा, एका पायात चप्पल, दुसरी भलतीकडेच. पाय हलत असले की काम नीट चाललंय. एकदम थांबले की मिस्त्री अडलाय, चहा नेऊन ठेवावा. हे तिचं शास्त्र होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मात्र झरोक्यातून आणखी दोन पाय दिसायला लागले. गाडीखाली नव्हे, गाडीत. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं, आणि आत मऊ टाचांचा, नखांना फिकट गुलाबी रंग लावलेला एक डावा पाय पेडलवर ठेवलेला.

तो पाय रजनीताईंचा. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. नवरा सदाशिव नागपूरला सरकारी ऑफिसात, शनिवारी येणारा, रविवारी जाणारा. त्यांचे सासरे यवतमाळातले जुने वकील. ते गेले आणि मागं ठेवून गेले एक परदेशी मोटार, मोरपंखी रंगाची, लांबीला एवढी की सुग्राबीच्या मोहल्ल्यात तिला सगळे जहाजच म्हणत. त्या जहाजाला क्लच नव्हता. गिअर आपले आपण बदलायचे, माणसानं नुसतं बसून राहायचं. मग एक दिवस तो गिअरबॉक्स बसला तो बसलाच. रजनीताईंनी मुंबईपर्यंत विचारून पाहिलं, कोणी हात लावायला तयार होईना. कोणी म्हणालं, भंगारात द्या. हबीबनं खाली वाकून बघितलं आणि हात पुसत म्हणाला, "आपण साधा बसवू, मॅडम. ॲम्बॅसिडरचा. अन क्लच तेलावरचा ठेवू. लोण्यावर पाय ठेवल्यासारखा दबते."

लोण्यावर. सुग्राबीनं हे झरोक्यातून ऐकलं होतं आणि तव्यावरची भाकरी करपू दिली होती.

एरवी तिनं आदळआपट केली असती, पण ते दिवस तसे नव्हते. कापसाचा भाव पडला होता. घराघरात कापूस छतापर्यंत साठलेला, विकायला न्यावा तर भाड्याचेसुद्धा निघायचे नाहीत. दरवर्षी दिवाळीनंतर गॅरेजपुढं ट्रॅक्टरांची रांग लागायची, यंदा गावातल्या रामधनच्या ट्रॅक्टरवर कोंबड्या बसत होत्या. आर्णीच्या जीपवाल्यांनी ब्रेक गेले तरी चालेल, हॉर्न वाजला पाहिजे असं धोरण ठेवलं होतं. अशा वर्षी अख्खी मोटार नवी करायचं काम दारात आलं, तर बायको म्हणून त्याला नाही कसं म्हणायचं?

हबीबनं काम मात्र जीव लावून केलं. जुना डबा उतरवला. नव्या गिअरबॉक्सचं तोंड इंजिनाला बसेना म्हणून यवतमाळला लेथवर जाऊन मधली जाड प्लेट कापून आणली. मागं जाणारा लांब दांडा आखूड केला. गाडीच्या ब्रेकचं पेडल उशीएवढं रुंद होतं, ते निम्मं कापलं, कारण शेजारी क्लचला जागा हवी. आणि क्लचचं पेडल कुठं येईल याचा अंदाज घ्यायला त्यानं रजनीताईंची चप्पल मागून घेतली. खडूनं तिचा आकार पत्र्यावर काढला. चप्पल परत देताना फडक्यानं पुसली.

सुग्राबीच्या चपलेचा अंगठा उन्हाळ्यापासून तुटलेला होता.

तरी तिला खरा डाचला तो पाय. कारण तेलाच्या क्लचातली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं गाडीत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली पडून नळीचं तोंड उघडायचं. खालून हुकूम यायचा. दाब. धर. सोड. दाबून धरलं की खाली बुडबुडे निघतात, पेडल पायाखाली खचतं, तोंड बंद झालं की सोडायचं. ब्रेकचंही तेच. दारव्ह्यातल्या एकूण एक जीपचा ब्रेक सुग्राबीच्या पायाखालून गेला होता.

नवी नवरी होती तेव्हा घरात सासू, सासरे, दोन दीर, एक आत्या. दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायचं म्हणजे बेअदबी. हबीब आधीच लाजाळू. पण ब्रेकचं काम निघालं की तो आईला सांगायचा, सुग्राला पाठव, पाय द्यायला माणूस नाही. ती ओढणी सारखी करत गाडीत जाऊन बसायची. खालून आवाज यायचा, दाब, धर. आणि तिनं धरलं की तो नळीला हातच लावायचा नाही. बोलायला लागायचा. त्याला ती दिसत नव्हती, तिला तो दिसत नव्हता, म्हणून दोघांना धीर यायचा. तिला कुठलं पातळ हवंय हे त्यानं गाडीखालून विचारलं होतं. सासूला कॅन्सर आहे हे त्यानं गाडीखालून सांगितलं. मुलीसाठी, गझालासाठी, आलेलं स्थळ तिनं गाडीतूनच नाकारलं होतं. पुढं मुलगा फैजही नागपूरला कामाला गेला, घरात ऐकणारं कोणी उरलं नाही, तरी सवय तीच राहिली. चुलीपुढं बसून हबीब भाजीत मीठ जास्त आहे एवढंही बोलायचा नाही. मनातलं निघायचं ते चार चाकांच्या खाली.

आणि आता त्याच्या डोक्यावर दुसरीच बाई बसली होती.

तिथं तिला बसवलं कसं, हे सुग्राबीला काही केल्या कळत नव्हतं. त्यानं हाकच मारली नाही. रजनीताई सकाळी शाळेआधी यायच्या, "हबीबभाई, मी दाबते, मला शिकायचंच आहे," म्हणायच्या आणि तो गुमान खाली शिरायचा. एकदा नव्या सिलिंडरचं रबरी वायसर गळालं, तेल वाया गेलं, पुन्हा पहिल्यापासून. हवा काही निघेना. रोज दाब, धर, सोड.

"सुग्राबी," समोरच्या बांगड्यावाल्या कांताबाईनं विचारलं, "तुमच्या इथं शाळा भरून राह्यली का? मास्तरीणबाई रोजच दिसते."

"हो ना. मिस्त्री तिसरीत नापास हायेत, त्यायले शिकवून राह्यली."

"मिस्त्री दाढी करून शाळेत जाते वाटते."

ते सुग्राबीच्याही लक्षात आलं होतं. तिनं त्या दिवशी रजनीताईंना मुद्दाम कानतुटक्या कपात चहा पाठवला. त्यांनी दोन्ही हातांनी कप धरून चहा प्यायला आणि निरोप पाठवला, भाभींच्या हाताला चव आहे. यापेक्षा शिवी दिली असती तर बरं.

दुपारी गॅरेज रिकामं असताना ती गाडीत जाऊन बसली. पेडलवर पाय ठेवला. हवा असूनही ते एवढं हलकं होतं की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. जन्मभर तिनं जीपची पेडलं दाबली, मांड्या भरून यायच्या. आणि हिच्यासाठी लोणी.

ती झरोक्याला कान लावून राहायला लागली. "दाबा, मॅडम" ऐकू यायचं. "धरा" ऐकू यायचं. मग काही नाही. मग "सोडा." तेवढ्यावर तिचं समाधान व्हायला हवं होतं. पण एका सकाळी "धर" ऐकू आलं, 'मॅडम' नाही, 'धरा'तला आदराचा 'रा'ही नाही, आणि मागून हबीबची ती खालच्या पट्टीतली गुणगुण, जी तिला अंधारातही ओळखता आली असती. तो बोलत होता. शब्द कळत नव्हते. तव्यावर काही नव्हतं म्हणून काही करपलं नाही. मग गाडीत कोणीतरी खोकलं. गुणगुण तुटली. हबीबचे पाय दगडासारखे थांबले. बाहेर आला तेव्हा कानापर्यंत लाल झालेला, आणि हात न धुता सरळ चहाच्या टपरीवर गेला.

सुग्राबीनं चहा नेला नाही.

रजनीताईच आत आल्या. चुलीपाशी, पाटावर, कोणी बस न म्हणता बसल्या.

"भाभी, रागावू नका. मला एक द्यायचंय. दुसऱ्याच्या घरचं ताट चुकून आपल्याकडे आलं, तर झाकून नेऊन द्यावं लागतं ना, तसं."

"कोणाचं ताट?"

"तुमचं. हबीबभाईंनी खालून मला सुग्रा म्हटलं."

सुग्राबीनं पिठाचा हात तसाच धरला.

"मी गप्पच बसले, काय बोलावं सुचेना. तर ते म्हणाले, अशी गप नको राहू, तू रागावशील म्हूनच इतके दिवस बोललो नाही. आणखी बोलायला लागले. मग मला खोकावंच लागलं." त्या थोडं हसल्या, मग हसायचं थांबवलं. "फैजचं काहीतरी आहे. नागपूरचं. बाकीचं मी ऐकलंय, पण ते माझं नाही. तुम्हीच विचारा."

त्या गेल्या. सुग्राबीला त्यांचा राग यायचा थांबला नव्हता, उलट वाढला होता. माझ्या नवऱ्यानं मला सांगितलेलं माझ्याआधी हिच्या कानात. पण रागाचं तोंड आता भलतीकडे वळत होतं.

हबीब परत आला तेव्हा जहाजाचं दार उघडं होतं आणि आत कोणीतरी बसलेलं होतं. त्यानं वर बघितलं नाही, आजकाल तो बघतच नसे. खाली शिरला.

"दाबा, मॅडम."

पेडल दबलं. पुन्हा दबलं.

"धरा."

नळी उघडली, पेडल खचलं, नळी बंद झाली.

"सोडा."

पेडल सुटलं नाही.

"मॅडम, सोडा."

पेडल खालीच. गाडीखालचे पाय थांबले.

"सुग्रा?"

"हं."

"सोड."

"नाही सोडत. आधी सांगा."

"काय सांगू?"

"जे तिले सांगतलं ते."

"तिले नाही सांगतलं. तुलेच सांगतलं." गाडीखालून आवाज दुखावलेला आला. "सवयीनं तोंड सुटलं. पाय तिचा होता, माहा काय गुन्हा?"

"मंग मले वर काहून नाही बसवलं? लोण्याचं पेडल केलं, अन हाक नाही मारली."

"तू वर बसली असती तं लपवता आलं नसतं."

सुग्राबी सीटवर पुढं सरकली. पाय आणखी घट्ट दाबला.

"फैजचा फोन आलता," खालून सुरू झालं. "त्याच्या मालकाचं तिकडं मोठं वर्कशॉप हाय. म्हणे, अब्बा, तिथं आता कोणी ट्रॅक्टर सुधरवते का? गॅरेज देऊन टाका, इकडं या. महिन्याच्या महिन्याले पगार. मी विचार केला, हे जहाज पार लावलं की जाऊ. शेवटचं काम निदान असं करू की कोणी नाव ठेवू नये. म्हून येवढी मेहनत. तुले वाटलं मास्तरीणबाईसाठी."

"दाढी कोणासाठी केली?"

"फैजनं सांगतलं, तिकडं रोज करा लागते. सवय लावून राह्यलो."

सुग्राबीला हसू आलं. तिनं ते येऊ दिलं नाही.

"हे सगळं तिले सांगतलं तुम्ही?"

"हो."

"येवढंच? का आणखी?"

खाली तो चुळबुळला. पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"आणखी एक होतं. तिथवर आलो नव्हतो, ती खोकलली."

"मंग ते सांगा. ते तिनं ऐकलं नसंल."

"फैज म्हणे, पहिले अम्मीले विचारा. ती नाही म्हणली तं मी तुमाले बोलावत नाही."

सुग्राबी स्टिअरिंगकडं बघत बसली. रस्त्यापलीकडं कांताबाई बांगड्यांची माळ हातात धरून इकडंच टक लावून उभी होती.

"मंग विचारा ना," ती म्हणाली.

हबीबनं विचारलं. नीट, पूर्ण, तिचं नाव घेऊन. सुग्राबीनं लगेच उत्तर दिलं नाही. पाय तिचा होता, पेडल हलकं होतं, आणि घाई जी काही होती ती खाली पडलेल्या माणसाला होती.