पाहुणा आला की दोन मग

नमनालाच घडाभर तेल घालण्यापेक्षा मुद्द्याचं आधी सांगितलेलं बरं. ड्रायव्हरच्या घरामागच्या शेडमध्ये दोन पिंपं भरून साबण पडला होता, आणि त्याला साबण नको होता. त्याला डिझेल हवं होतं.

तीस वर्षं त्यानं हॉस्पिटलची रुग्णवाहिका चालवली, त्यातली शेवटची एकवीस एकाच व्हॅनवर. दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाले. हॉस्पिटलनं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि व्हॅन लिलावात काढली. घड्याळ त्यानं कपाटात टाकलं आणि व्हॅन घरी आणली. आता माणसानं हौस करावी, नाही असं नाही, पण अंगण केवढं, व्हॅन केवढी. कपडे वाळत घालायची दोरी काढावी लागली, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर काहीतरी ओलं लटकत होतं.

त्याची बायको औषधांच्या दुकानात काम करायची. दिवसभर गोळ्या मोजून मोजून तिला बोलायचीही मोजून सवय लागली होती. "अहो, ही पंपावरचं डिझेल पिणार असेल तर आपण दूध बंद करायला हवं," ती म्हणाली. "महिन्याच्या शेवटच्या सोमवारी भंगारवाला येईल. तोवर तिच्या पोटाची सोय करा. नाहीतर ती त्याच्या दोरीनं जाईल."

बाई चुकीचं काही बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती. चुकीचं बोलली असती तर भांडता आलं असतं.

मग त्यानं हॉस्पिटलच्या वर्कशॉपमधल्या जुन्या मित्राला गाठलं. हा गडी स्वतःची जीप तळणीच्या तेलावर चालवायचा आणि त्याच्या जीपमागून जाणाऱ्याला भूक लागायची. त्यानं एका वहीत सगळी कृती लिहून दिली. नाक्यावरच्या तळणवाल्याकडून वापरलेलं तेल आणायचं. गाळायचं, आणि त्यातला पाण्याचा अंश उडून जाईपर्यंत तापवायचं. मग हीटर बंद करायचा, तेल हाताला सोसेल न सोसेल इतकं निवू द्यायचं आणि त्यात कॉस्टिक सोडा विरघळवलेलं मिथेनॉल घालायचं. तासभर ढवळायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी काळं ग्लिसरीन तळाशी बसतं आणि वर राहतं ते गाडीचं खाणं. वहीच्या शेवटी लाल शाईनं एकच ओळ होती: पाण्याचा थेंब गेला की झाला साबण.

ड्रायव्हर शिस्तीचा माणूस. गॉगल लावला, रबरी हातमोजे घातले, शेडची दारं उघडी ठेवली, जुन्या वॉशिंग मशीनची मोटर पिंपावर बसवली. सोडा बायकोच्या दुकानातल्या तराजूवर तोलला. सगळं वहीबरहुकूम केलं, आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडून पळी घातली तर पळी उभी राहिली.

तेलात ओल असेल, तो म्हणाला. दुसऱ्या वेळी त्यानं तेल दुप्पट वेळ तापवलं. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. या वेळी तर पळी बाहेरच येईना.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण त्या शेडमध्ये स्टुलावर बसलेल्या असायच्या. बायकोची आई. त्याच हॉस्पिटलच्या नर्सेसच्या मेसमध्ये चाळीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई. अडीचशे पानं दोन वेळा. निवृत्तीनंतर लेकीकडे आल्या त्या सोबत एकच वस्तू घेऊन, मेसचा लांब दांड्याचा ॲल्युमिनियमचा मग. लेकीनं त्यांना दोन महिन्यांत स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. कारण काय, तर दारात कोणीही आलं, अगदी पत्ता विचारायला आलं, तरी सासूबाई गॅसवर जे असेल त्यात दोन मग पाणी घालायच्या. पाहुणा आला, पुरायला हवं. माणूस पत्ता विचारून निघून जायचा आणि घरातले तिघं रात्री पाणचट रस्सा प्यायचे.

"आई, तू आता आराम कर," लेक म्हणाली होती. आराम करायला सांगितलेलं माणूस कुठे जाणार? सासूबाई शेडमध्ये आल्या. तिथे निदान एक पिंप तरी तापत होतं. जावयानं बजावलं होतं, "आई, यात विष आहे, चाखायचं नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "ड्रायव्हर, मी चाळीस वर्षं वासावर मीठ ओळखलंय. मला चाखायला लागत नाही." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी त्या त्याला ड्रायव्हरच म्हणायच्या. जावईबापू म्हणाल्या की समजायचं, रागावल्यात.

दरम्यान मेहुण्याचा फोन आला. तो सातव्या मजल्यावर राहायचा. आईला माझ्याकडे पाठव, म्हणाला, इथे लिफ्ट आहे, शांतता आहे. सासूबाई ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाल्या, "सातव्या मजल्यावर कोण मरायला येणार दारात?" आणि तोंड फिरवून बसल्या. ड्रायव्हरला वाईट वाटलं. पण बायकोनं नाही म्हटलं नव्हतं, बघू म्हटलं होतं, आणि बायकोचं बघू म्हणजे अर्धं झालंच.

तिसरी खेप शुक्रवारी घातली. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात, पण ड्रायव्हर असल्या गोष्टी मानत नसे. तेल तापवलं, निवलं, मिथेनॉल घातलं, मोटर घरघरायला लागली. सासूबाई स्टुलावर डुलक्या घेत होत्या. एवढ्यात फाटकाची कडी वाजली. भंगारवाला. म्हणाला, सोमवारी यायचंच आहे, पण गाडी आधी बघून ठेवतो, म्हणजे दोरी किती आणायची ते कळेल. त्यानं व्हॅनच्या चाकाला लाथ मारून बघितली. ड्रायव्हरला ती लाथ स्वतःच्या नडगीवर बसल्यासारखी लागली. तो मोटर बंद करायची वेळ झाली म्हणून शेडकडे वळला आणि दारातच थबकला.

सासूबाई उभ्या होत्या. एका हातात पिंपाचं झाकण, दुसऱ्या हातात मग. पहिला मग गेला होता, दुसरा चालला होता. चेहऱ्यावर ना लबाडी ना घाई. पाणी ओतलं, झाकण नीट बसवलं, मग झटकला आणि परत स्टुलावर बसून डोळे मिटले.

ड्रायव्हरच्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. पहिल्या खेपेला मीटर बघणारा आला होता. दुसऱ्या खेपेला शेजारी शिडी मागायला.

संताप म्हणजे असा आला की कानशिलं तापली. तीन आठवड्यांची मेहनत, नाक्यापर्यंतच्या फेऱ्या, तळणवाल्याची मनधरणी, सगळं मुसळ केरात. आत जाऊन बायकोला सांगावं, बघ तुझ्या आईचे प्रताप, म्हणजे आपण सुटलो. गाडीही सुटली. तो दोन पावलं गेलाही.

पण तिसरं पाऊल पडेना. त्याला स्वतःच्याच अठ्ठाविसाव्या वर्षातली एक दुपार आठवली. नोकरीचा पहिला आठवडा, सकाळपासून सहा पेशंट आणलेले, मेसमध्ये पोचला तर भांडी घासायला काढलेली. आतून एक बाई म्हणाली होती, "थांब रे, माणूस आलाय." आणि मोठ्या पातेल्याच्या तळाशी उरलेल्या रश्शात तिनं दोन मग पाणी घातलं होतं. इतका पातळ रस्सा त्यानं जन्मात खाल्ला नव्हता आणि इतका पोटभरही जेवला नव्हता. वाढायला तिची मुलगी आली होती. पुढचं सगळं त्या वाढण्यातूनच झालं. त्या दुपारी पातेल्यात पाणी पडलं नसतं तर आज त्याला ना बायको असती ना सासू ना रागावायला कोणी.

आणि आता सांगितलं, तर सासूबाई सातव्या मजल्यावर जाणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळी बायकोनं पिंपात डोकावून पाहिलं. "पुन्हा?"

"माझं माप चुकलं," तो म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, मग खिळ्यावर टांगलेल्या ओल्या मगाकडे, मग परत त्याच्याकडे. "सत्तावीस वर्षांत तुमचं माप चुकलेलं मी पाहिलं नाही," एवढं बोलून ती कपडे घडी करायला निघून गेली.

एका खेपेपुरतं तेल उरलं होतं. शेडला कुलूप लावावं असं त्याच्या मनात आलं, पण कुलूप कुणासाठी, हे सांगावं लागलं असतं. शेवटी रविवारी सकाळी, बायको अंघोळीला गेली असताना, तो स्टुलासमोर उकिडवा बसला.

"आई, एक विचारू? पिंपात पाणी कोण घालतं?"

"मी कशाला घालीन? मला काय कळत नाही?" सासूबाई फणकारल्या. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो हात त्यांना न विचारता चाळीस वर्षं काम करत आला होता. "तीनही वेळा?" त्यांनी विचारलं.

"तीनही वेळा. पाहुणा आला की."

"मग मला आधी का नाही सांगितलंत, की यात पाणी चालत नाही? विष आहे तेवढं सांगितलंत. या घरात मला कोणी काही पुरतं सांगतच नाही, जावईबापू."

हे खरं होतं. ड्रायव्हरनं मान खाली घातली. वही काढली, लाल शाईची ओळ वाचून दाखवली, पाण्यानं साबण कसा होतो तेही सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तिन्ही पिंपांकडे वळून बघितलं.

"म्हणजे हा एवढा साबण मी केला?"

"तुम्हीच."

"फेस बरा आहे याला," त्या म्हणाल्या. "लेकीला सांगितलंत?"

"नाही. माझं माप चुकलं म्हणालो."

त्यानंतर दिवसभर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

सोमवारी सकाळी सातला ड्रायव्हरनं चौथ्या पिंपात शेवटची खेप घातली. बायकोनं दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. व्हॅन गेली की कपड्यांची दोरी परत बांधायला माणूस हवा ना घरी, असं ती म्हणाली, पण उभी राहिली ती शेडच्या दारात. सासूबाई स्टुलावर होत्या. मग खिळ्यावर होता. ड्रायव्हरनं तो हलवला नाही, आणि का हलवला नाही हे त्यालाही सांगता आलं नसतं. मिथेनॉल गेलं, मोटर सुरू झाली, आणि नऊला, म्हणजे ढवळायला निम्मा वेळ उरलेला असताना, फाटकाची कडी वाजली.

भंगारवाला टेम्पो घेऊन आला होता. खांद्यावर दोरी. "चला, काढा गाडी बाहेर," त्यानं फाटकातूनच आवाज दिला.

ड्रायव्हरला मोटर सोडून जाता येईना. पट्टा सैल झाला होता, तो हातानं धरून ठेवावा लागत होता. त्यानं मान वळवली तर सासूबाई उठलेल्या. हात खिळ्याकडे गेला. मग घेतला. बादलीत बुडवला. भरून काढला. ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. आई, म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं ते सांगून झालं होतं. आता हाताला ऐकू आलं तर आलं.

सासूबाई पिंपापाशी आल्या आणि थांबल्या. मग हातातल्या मगाकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं. मग तो भरला मग दोन्ही हातांनी धरून, थेंब न सांडता, पिंपाला वळसा घालून अंगणात गेल्या, सरळ फाटकापर्यंत.

"घ्या, पाणी प्या," त्या भंगारवाल्याला म्हणाल्या. "उन्हातून आलात."

तो प्यायला.

"आणि आता या," सासूबाई म्हणाल्या. "आज तुम्हाला पुरण्यासारखं इथे काही नाही."

"आजी, गाडी..."

"गाडी जेवायला बसलीय. जेवत्याला उठवत नाहीत."

त्यांनी रिकामा मग त्याच्या हातातून घेतला आणि फाटकाला कडी लावली. भंगारवाला जरा वेळ उभा राहिला. मग टेम्पो सुरू होऊन गेल्याचा आवाज आला.

शेडच्या दारात बायको थिजून उभी होती. तिच्या जन्मापासून तिनं आईला एकाही माणसाला दारातून परत पाठवताना पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. "आई," ती म्हणाली, "तू परत पाठवलंस?"

"मग काय करू? ड्रायव्हरचं माप पुन्हा चुकलं असतं," सासूबाई म्हणाल्या आणि स्टुलावर जाऊन बसल्या.  बायकोनं खुर्चीवरची ओली चादर काढली, खुर्ची आईशेजारी ओढली आणि बसली. आई इथेच राहील, असं तिनं त्याच दुपारी भावाला फोन करून सांगून टाकलं.

मंगळवारी सकाळी ड्रायव्हरनं झाकण उघडलं. पळी बुडाली. तळाशी काळं बसलं होतं आणि वर पिवळंधमक, नितळ. त्यानं काळं खालच्या तोटीतून काढून टाकलं आणि वहीचं पान उलटलं. या पानापर्यंत तो आजवर कधी पोचलाच नव्हता. त्यानं ते दोनदा वाचलं, मग सासूबाईंना हाक मारली.

"आई, मग घेऊन या. आता हे धुवायचंय. पाणी घालायचंय, पण हलक्या हातानं, नाहीतर फेसाळतं. माझा हात जड आहे."

सासूबाई मग घेऊन आल्या. तो बुडवला, भरला, आणि पिंपाच्या काठावर टेकवून थांबल्या. गुरुवारी व्हॅन फाटकाबाहेर पडली आणि गल्लीतल्या निम्म्या घरांना अवेळी भूक लागली, ते नंतरचं. पण त्या सकाळी त्या थांबल्या, आणि जावयाकडे बघून चाळीस वर्षांत कोणालाही न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"घालू ना?"

"घाला," ड्रायव्हर म्हणाला.