भोंग्यानंतरचा हात

शूटिंगचा बारावा दिवस. पहाटे पाचला हजर झालेली माणसं दुपारी चारपर्यंत नुसती उरली होती. भोसरीच्या त्या बंद शेडमध्ये लाइटवाले स्टँडला टेकून उभे, चहा पुरवणाऱ्या स्पॉटदादांचा थर्मास रिकामा. वरच्या काचेतून आलेलं ऊन जमिनीवरून सरकत भिंतीकडे चाललेलं. ते भिंतीला लागलं की आजचं काम संपलं.

मिनलकडे कंटिन्युइटी. एकच प्रसंग आधी लांबून घेतात, मग जवळून. कुणाची बाही दुमडलेली होती, डबा कुठल्या हातात होता, हे सगळं तिच्या वहीत. दोन तुकडे जोडले की शिवण दिसू नये, म्हणून ही वही. चार दिवसांपूर्वी नायकाचं घड्याळ एका तुकड्यात डाव्या, दुसऱ्यात उजव्या मनगटावर दिसलं होतं. दिग्दर्शक निमिष ओरडला नव्हता. "मिनल, निदान तू तरी बघ गं," एवढंच म्हणाला. ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

आज गर्दीत तिचे वडील होते. किसन. याच शेडमध्ये बावीस वर्षं प्रेस मशीन चालवलेलं. कंपनी बंद झाली, मशिनं लिलावात गेली. आता आर्टवाल्यांनी प्लायवूडचं मशीन उभं करून राखाडी रंगवलं होतं. पाळी सुटते आणि किसन धरून इथलेच पंधरा जुने कामगार निघतात, हा लांबचा शॉट. त्यानंतर तोच क्षण जवळून, एकट्या किसनचा क्लोज. त्या क्लोजचं त्याने सगळ्या चाळीला सांगून ठेवलं होतं. मिनलने बजावलं म्हणून आठ दिवस दाढीही केली नव्हती.

लांबचा शॉट साडेतीनला झाला. ऐन मध्यात शेजारच्या कंपनीचा भोंगा वाजला. साउंडच्या सदाशिवकाकांनी कपाळाला हात लावला. निमिष म्हणाला, "असू दे काका, आवाज बदलू. चित्र झकास आलंय."

क्लोजच्या आधी मिनलने तो शॉट मॉनिटरवर पुन्हा पाहिला. भोंगा झाला. चौदा जण वळले. किसनने मात्र खिशातून चिंधी काढली, मशीनवरून एकदा फिरवली, तळवा क्षणभर तिथेच ठेवला, मग कपाळाला लावला आणि निघाला.

तिने वही उघडली. 'किसन: उजवा पाय आधी, डबा डावीकडे.' चिंधी नव्हती. तळवा नव्हता. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पण लिहिलं नव्हतं. क्लोजमध्ये हा हात हुबेहूब तसाच आला नाही, तर शिवण दिसणार होती. स्कूटर लावली की तिच्यावरून, आईचं शिलाईमशीन थांबलं की त्याच्यावरून, तो हात घरात असाच फिरायचा. तिच्या नजरेला ते काही करणं नव्हतंच. ते नुसते पप्पा होते.

तिने निमिषला जाऊन सांगितलं. त्याने डोळे मिटले.

"लांबचा परत घ्यायला ऊन पुरेल?"

"अर्धा तास आहे," कॅमेऱ्यामागून उत्तर आलं. "पंधरा माणसं लावेपर्यंत जाईल."

"मग यांचा क्लोज सोडू. दुसऱ्या कुणाचा घेऊ."

"सर, क्लोजमध्ये त्यांना तसंच पुसायला लावते. ऊन आहे तोवर द्या."

"घे. आपण सगळेच थकलोय, मिनल. ऊन गेलं की मी थांबणार नाही."

किसन ऐकेना. "मी पुसलं? न्हाई गं. लाकडाचं हाय ते, त्याला कशापायी पुसू?" मिनलने त्याला मॉनिटर दाखवला. तो पडद्याशी वाकला. "आयला. ह्यो हात कवा गेला?"

पहिल्या टेकला त्याने हॉटेलातलं टेबल पुसतात तसं पुसलं. दुसऱ्याला हात जागेवर, पण नजर कॅमेऱ्यात. तिसऱ्याला तळवा कपाळापर्यंत पोचलाच नाही. कडेला खोक्यांवर बसलेल्या जुन्या सोबत्यांपैकी सोनबा ओरडला, "किसनराव, बावीस वर्षं फुकट पगार खाल्ला काय? पुसता बी येईना!"

एरवी किसनने त्याला दोन ऐकवल्या असत्या. आता तो हसलासुद्धा नाही. मिनलजवळ येऊन हळूच म्हणाला, "सांगून न्हाई व्हत, बाय. दुसऱ्याचं घ्या. मी जातो घरी."

"चाळीत काय सांगाल?"

"सांगंन कायतरी."

ऊन भिंतीपासून हातभर उरलं होतं. मिनल सदाशिवकाकांच्या टेबलापाशी गेली.

"काका, तो भोंगा ठेवलाय का?"

"ठेवलाय की. बारा दिवसांत तेवढाच एक आवाज खरा मिळाला."

"स्पीकरवर लावाल? 'अ‍ॅक्शन' झाल्यावर, मी मान हलवली की."

"माझा टेक बाद होईल गं."

"आवाज मागून बदलता येतो, काका. हात नाही येत."

सदाशिवकाका स्पीकरची वायर शोधायला खाली वाकले.

किसनला कुणी काही सांगितलं नाही. "एक शेवटचा द्या, पप्पा," एवढंच मिनल म्हणाली. क्लॅप वाजला. निमिष म्हणाला, "अ‍ॅक्शन." किसन मशीनपाशी उभा, हात लोंबते, परक्याच्या घरी उभं राहावं तसा. मिनलने मान हलवली.

भोंगा झाला.

आधी त्याचे खांदे उतरले. मग हात आपला आपण खिशात गेला. चिंधी फिरली, तळवा थांबला, कपाळाला लागला. चेहऱ्यावर काही आलं नाही, पाळी संपल्यावर जेवढं उरतं तेवढंच होतं. आणि कॅमेऱ्याच्या कडेला, कुणी न सांगता, खोक्यांवरचे चौदाही जण उठून आपापला डबा शोधत होते. सोनबासुद्धा.

"कट," निमिष हलक्या आवाजात म्हणाला. मग, "ओके."

ऊन भिंतीला लागलं. कुणीतरी पॅकअप पुकारलं, वायरी गुंडाळल्या जाऊ लागल्या. किसन चिंधी उलगडून मिनलजवळ आला.

"बघ. तेल न्हाई लागलं. रंग लागलाय."

"धुऊ नका हां पप्पा. उद्या गेटवरचा शॉट आहे, तेव्हा खिशात हीच लागेल."

तिने वही मांडीवर घेतली. अक्षर नीट काढलं: 'किसन. उजवा हात. चिंधी, राखाडी डाग.'