दुसरी जानकी

सर्वेशनं घरातल्या सगळ्यांची आरोग्याची खाती मोबाईलवर एकमेकांना जोडली, तेव्हा जानकीबाईंनी त्याला अडवलं नाही. अडवायला आधी कळायला तर हवं. आलेला ओटीपी त्यांनी चष्मा लावून वाचून दाखवला आणि घाटकोपरचं परबांचं घर एका फायलीत आलं: मुलगा सर्वेश, सून श्वेता, नातू मिहिर, वारलेले यजमान गुणाजी आणि त्या स्वतः. घराण्यात कुणाला काय होतं ते आता डॉक्टरला बसल्या जागी दिसणार, दुखणं यायच्या आधीच बंदोबस्त होणार, असं सर्वेश दारात येईल त्याला सांगत सुटला होता.

आणि मग मिहिर शाळेच्या मैदानात शनिवारच्या शर्यतीसाठी धावता धावता कोसळला.

पोर मिनिटभरात उठून हसायलाही लागलं. तरी घाबरून सगळे त्याला मुलुंडच्या एका हॉस्पिटलात घेऊन आले. डॉक्टर शर्मिष्ठांनी हृदयाची ईसीजीची पट्टी काढली, ती चांगली निघाली. मग त्यांनी ती जोडलेली फाईल उघडली. एकाच्याही नावापुढे हृदयाचा दोष नाही, आजीची तर या वयात तब्येत ठणठणीत, असं त्या कौतुकानं म्हणाल्या. उपाशीपोटी उन्हात पळाला असेल, शनिवारची शर्यत पळायला हरकत नाही. श्वेतानं देवाचं नाव घेतलं. सर्वेशनं ‘बघितलंस? सांगत होतो ना’ अशा नजरेनं आईकडे पाहिलं.

जानकीबाईंना मात्र लग्नाआधीचं स्वतःचं नाव आठवलं. ठणठणीत होत्या त्या विमला. जानकी कशी गेली ते त्या फाईलला कुठून ठाऊक असणार?

जानकी ही गुणाजींची पहिली बायको. चाळीच्या नळावर हंड्यावरून भांडता भांडता पडली ती पुन्हा उठलीच नाही. तिचा तरणाताठा भाऊ त्याआधी शिमग्यात पालखी नाचवताना असाच गेला होता. गावानं देवाचा कोप म्हटलं आणि विषय मिटवला. पाळण्यात पोर रडत होतं, म्हणून वर्षाच्या आत गुणाजींनी विमलाशी लग्न केलं. ताटातल्या तांदळात अंगठीनं नव्या नवरीचं नाव लिहितात, तिथं त्यांनी पुन्हा ‘जानकी’ लिहिलं. तोंडात बसलेलं नाव कशाला बदला, म्हणाले. जिवंत माणसाचं नाव पुसून मेलेलीचं लावायचं, आणि वर त्याला रीत म्हणायचं! विमलाला ते फार लागलं होतं. पण पोर मांडीवर आलं आणि ती विसरली. पोराच्या कागदांवरही आईचं नाव जानकीच होतं, काही बदलावंच लागलं नाही. याला कधी सांगायचं नाही, अशी गुणाजींनी शपथ घातली, पहिलीच्या माहेरचं जाणंयेणंही तोडलं.

आता नाव एक, नवरा एक, पोर एक. कॉम्प्युटरनं दोन बायकांची एक करून टाकली. त्याला तरी काय बोलायचं? गुणाजींनी वेगळं काय केलं होतं?

सर्वेश बिलाकडे निघाला. मिहिर वाकून बुटाची नाडी बांधत होता. बोललं तर मुलगा जातो, गप्प राहिलं तर नातू. सर्वेश उद्या मला कोण म्हणून हाक मारेल, ही भीती होतीच. आणि शनिवारी शिट्टी वाजल्यावर हे पोर जीव खाऊन पळेल, ते त्यांना बसल्या जागी दिसलं.

“शनवारी ह्याका पळवू नकात,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांची मुंबई जिभेवरून उतरली आणि गावची बोली तोंडात आली. “मी जानकी न्हय. माझा नाव विमला.”

सर्वेश हसला. आईला चक्कर येतेय असं वाटून तो तिला बसवायला आला.

“तुका जन्म दिल्यान ती जानकी येगळी, झिला. तू पाळण्यात होतंस तेवा ती गेली. अशीच. उभ्या उभ्या पडान.”

पुढचं त्यांनी खाली मान घालून सांगितलं, नळाचं आणि पालखीचंही. डॉक्टर शर्मिष्ठांच्या चेहऱ्यावरचं कौतुक पार उतरलं. साध्या पट्टीत न दिसणारा, धावताना किंवा संतापात उसळणारा असा एक दोष असतो, तो आईकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे येऊ शकतो, असं त्यांनी सांगितलं. मिहिरला त्यांनी लगेच भरती करून घेतलं. सर्वेशचीही तपासणी आजच, ट्रेडमिलच्या पळत्या पट्ट्यावर चालवून.

सर्वेश आईकडे पाठ करून भिंतीकडे बघत उभा राहिला. श्वेता मिहिरबरोबर वर गेली होती. थोड्या वेळानं नर्स आली आणि म्हणाली, पेशंटच्या घरच्यांनी तपासणीला चला. जानकीबाई पदर सावरून उठल्या. घरातल्या कुणाला सुई टोचायची असली तरी त्याच आधी उठत.

नर्सनं हातातल्या स्क्रीनवर पाहिलं. फाईल दुरुस्त झाली होती.

“आजी, तुम्ही नको,” ती मऊ आवाजात म्हणाली. “तुमचं रक्ताचं नातं नाही ना.”

आयुष्यभर ज्याला भ्यायल्या, ते वाक्य असं, कुणा परक्या पोरीच्या तोंडून, सगळ्यांदेखत आलं. जानकीबाई पुन्हा बाकावर बसल्या. मान वर करून सर्वेशकडे बघायची त्यांना छाती झाली नाही.

त्यानं घड्याळ काढलं. पाकीट काढलं, मोबाईल काढला. गळ्यातली चेन काढताना तिचा फासा त्याला सुटेना. तो त्यांच्यासमोर येऊन वाकला.

“काढ गं,” तो म्हणाला. “आई, मला भीती वाटतेय.”

जानकीबाईंनी फासा सोडवला. सगळं त्यांच्या ओटीत टाकून तो आत गेला आणि दार लागलं. आतून पट्टा सुरू झाल्याची घरघर ऐकू आली, मग सर्वेशची पावलं, आधी सावकाश, मग भरभर. ती थांबू नयेत म्हणून जानकीबाई कान लावून बसल्या.