डोक्यावरची गल्ली

मी सिमेंटचा पाइप. समुद्राकाठच्या एका गल्लीखाली, वाळूत, दोन पुरुष खोल पुरलेला. न्हाणीघरात, संडासात तुम्ही पाणी ओतून जे विसरून जाता, ते माझ्या पोटातून जातं. कधी कुरकुर केली नाही. पण आज बोलू द्या. माझा थोरला गेलाय आणि माझं डोकं ठिकाणावर नाही.

आम्ही एकाच साच्यातले. तो आधी निघाला, मी पाठोपाठ. कारखान्याच्या आवारात खरेदीवाले आले, तेव्हा भाजक्या मातीच्या पाइपांना "हे फुटतील" म्हणाले. प्लास्टिकच्याला एकाने टिचकी मारली, "हे कसलं? खेळणं!" लोखंडी पाइप खाऱ्या हवेत गंजतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. मग माझ्या पाठीवर थाप पडली. "हा घ्या. चौघांना हलत नाही!" जड ते टिकाऊ, अशी माणसांची समजूत. माझ्या अंगातही लोखंडाच्याच सळ्या आहेत, हे कुणी विचारलं नाही.

पुरलं, तेव्हापासून सुटका नाही. बाहेरून खारं पाणी. आत अर्ध्यापर्यंत मैला आणि त्याच्यावरच्या पोकळीत कोंडलेला वायू. तो ओल्या छताला लागला की त्याचं तेजाब होतं. तळ शाबूत राहतो, छत भुसभुशीत होत जातं. ओरडावं म्हटलं, तर दोन्ही तोंडं भावंडांच्या तोंडांत अडकलेली. तपासणीवाले चेंबरमधून पहार घालून तळाला ठोकायचे. ठण्ण! "दगड आहे, दगड," मुकादम म्हणायचा आणि झाकण पडायचं.

तुंबलं की दोघे भाऊ यायचे. थोरला मिस्त्री, धाकटा त्याच्या हाताखाली. घरही याच गल्लीत, त्याचं दार माझ्या बरोब्बर वर.

"दादा, वास बघ, अगदी तुझ्या मोज्यांचा!"

"तोंड मीट, नाहीतर आत जाईल."

गेल्या आठवड्यात मिस्त्री चेंबरचं झाकण काढायला वाकला आणि माझ्या थोरल्याचं छत बसलं. रस्ता खाली आला, वाळू आली, मिस्त्री आला. त्याची धडपड मला अंगाशी जाणवत होती. मग ती थांबली. धाकट्याने नखांनी वाळू उपसली, पण उशीर झाला होता. माझ्या थोरल्याने त्याचा थोरला नेला.

आज तिथे खड्डा आहे. थोरल्याचे तुकडे उचललेत, त्यामुळे माझं एक तोंड मोकळं झालंय. मुकादमाने त्याच्या जागी माझ्याच जातीचा एक जुना पाइप आणलाय.

इंजिनियरबाई म्हणाल्या, "सगळी गल्ली उकरून प्लास्टिकचा घालायला हवा. हलका आहे, भुईतलं पाणी त्याला वर उचलेल, पण नीट दाबून पुरला तर इथे तोच टिकेल. मी वर कळवलंय."

"वरून उत्तर येईपर्यंत गल्ली बंद ठेवू?" मुकादम म्हणाला. " तुटलाय एकच. बाकीचे दगड आहेत."

खड्ड्यात उभ्या धाकट्याने माझ्या तोंडात हात घालून छत चाचपलं. ओल्या पिठासारखं ते त्याच्या मुठीत आलं. वर दारात त्याची वहिनी उभी होती, लेकीला कडेवर घेऊन.

"वहिनी, मागच्या दाराने बाहेर व्हा. पोरीला घेऊन. आत्ता!"

ती गेली तशी त्याने पहार उचलली आणि माझ्या डोक्यात घातली.

"अरे ए! सरकारी माल आहे! नोकरी जाईल!" मुकादम ओरडला.

"जाऊ दे. सांगा, मी फोडला. आता दोन तुटले. अजून तोडू?"

दुसऱ्या घावाला माझं छत कोसळलं आणि वरचा रस्ता थेट त्या घराच्या पायरीपर्यंत खचला. धाकटा कसाबसा मागे सरकला. मुकादम काठावरून मागे पळाला. बाईंनी स्वतः गल्लीच्या तोंडाला दोर बांधला. "आता मुंगीसुद्धा आत जाणार नाही. उद्यापासून उकरायचं."

वहिनी वळसा घालून धावत आली. "भाऊजी, नोकरी गेली तर खायचं काय? तुमचे दादा असते तर कानफटात मारली असती!"

"मारली असती," धाकटा म्हणाला आणि मटकन खाली बसून हमसून हमसून रडला.

मी फुटलोय. किती वर्षांनी डोक्यावर नुसतं आभाळ आहे. पण दोराने बंद झालीय ती वळणापर्यंतचीच गल्ली. वळणापलीकडे माझी भावंडं तशीच अडकलीत, छतं पोखरलेली, कण्हता न येणारी. त्यांच्यावरून आत्ता शाळा सुटलेली पोरं उड्या मारत चाललीत. कुणीतरी तिकडेही दोर बांधा हो. मी इथून हाक मारतोय, पण माझा आवाज पाण्याच्या आवाजात जातोय.