विहिरीवरचा आकडा

सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. समोरचा चहा दोनदा निवला. बायको म्हणाली, एक तर बसा, नाहीतर बाहेर जा. मी बाहेर पडलो.

आमची वस्ती चाळीस घरांची. तिचा इतिहास मीच लिहिलेला, तोही एका आकड्याचा. तीस वर्षांपूर्वी शाळेत मास्तर असताना मी रस्त्यासाठीचा अर्ज भरला होता. त्यात वस्ती कधी वसली, असा रकाना होता. कुणालाच ठाऊक नव्हतं. विहिरीच्या काठावर १९३४ कोरलेलं दिसलं, तेच दिलं ठोकून. रस्ता आला आणि आकडा वस्तीला चिकटला. आता रस्त्याच्या तोंडाशी दगड बसणार होता, ‘स्थापना १९३४’. मी शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

काल ही बातमी द्यायला आत्याकडे गेलो. ऐंशीला टेकलीय, पण कान शाबूत. शेंगा सोलता सोलता तिने सांगितलं, तो आकडा तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी कोरला. तिच्या जन्माआधी तिचा थोरला भाऊ त्या विहिरीत बुडाला, ते हे साल. घरात हा विषय कुणी काढायचाच नाही.

आज रस्त्याच्या तोंडाशी पोचलो, तर पाथरवटाने दगडावर खडूने अक्षरं आखून ठेवली होती. मी त्याला थांबवलं. मग खरं साल कोणतं, त्याने विचारलं. ठाऊक नाही, मी म्हणालो. तो छिन्नी ठेवून सावलीत जाऊन बसला.

मी तडक आत्याकडे गेलो. चूक कबूल केली, काम थांबवल्याचं सांगितलं. वाटलं, बरं केलंस म्हणेल.

“कशाला थांबवलंस?” ती म्हणाली. “आईनं त्याचा सदरासुद्धा ठेवला नाही. फोटो नाही, नाव कुणी घेत नाही. तुम्ही सगळे तो आकडा मिरवत होतात, मला बरं वाटायचं.”

“पण आत्या, ते खोटं आहे.”

“आकडा खोटा नाही. त्याच्या वरचं तुझं आहे, ते तू बघ.”

मला लाज वाटली आणि रडूही आलं. तसाच परत गेलो, ओल्या फडक्याने ‘स्थापना’ पुसलं आणि पाथरवटाला म्हणालो, एवढंच कोर, पण खोल कोर.

आता येणारेजाणारे विचारतात, नुसतंच साल का? जागा पुरली नाही, असं मी सांगतो. दगडावर चांगली हातभर जागा रिकामी आहे.