परतीचा पाइप

प्रितेशने लोखंडी पाना दामूच्या तोंडावर मारला. दात आधी पडला, मागून दामू.

"बोल भडव्या, पाइप कोणी फोडला?"

"शेठ, मी न्हाय. आईची शप्पथ, मी न्हाय."

दामू या सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याचा, बॉयलरवाला. २००५च्या पुरात बॉयलर गाळानं भरला, तेव्हा त्यानंच तो नखांनी खरवडून काढला होता. आता त्यालाच टेकून तो रक्त गिळत होता.

भिंतीपाशी फुटलेल्या पाइपातून कढत पाणी भळाभळा गटारात चाललं होतं. प्रितेशची बहीण मृणाली त्या पाण्याकडे बघत होती. इंजिनीअर होऊन आल्यावर तिनं पहिलं काम हेच केलं होतं. खळ लावलेलं सूत वाळवून झालं की वाफेचं पाणी होतं. ते कढत पाणी इतकी वर्षं कारखान्यामागे सोडून देत. तिनं ते पाइपानं बॉयलरकडे परत वळवलं. आधीच गरम असलेल्या पाण्याची वाफ करायला लाकूड कमी जळतं. जळलंही. प्रितेशने पेढे वाटले होते.

"दादा, पुरे आता," ती म्हणाली. जागची हलली नाही.

"पुरे काय? ह्यांना लाथेशिवाय वाचा फुटत न्हाय!"

बूट बरगडीत बसला. आत काहीतरी मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

"सोड त्याला."

दारात दोघा भावंडांची आजी, आक्का. एका हातात बादली, दुसऱ्यात हातोडा.

"पाइप मी फोडलाय. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडापर्यंत जायला गुडघे हायेत का माझे? रोज सकाळी मागं बसून या पाण्यात पाय शेकत व्हते. तुम्ही माझं कुंडच बुजवलं. कुणी इचारलं मला?"

प्रितेशचा हात वरच राहिला. त्यानं आक्काकडे बघितलं. मग मृणालीकडे. सुटलो असं वाटून दामूनं आक्काला हात जोडले.

पाना त्या जोडलेल्या हातांवर उतरला.

"तुझ्या नाकासमोर फोडला ना? झोपला होतास काय रे?"

आक्कानं तोंड फिरवलं आणि बादली पाइपाखाली लावली.

मृणाली पुढे झाली. दामूचे पाय ओलांडून वाकली आणि तिनं व्हॉल्व्ह बंद केला. एवढं गरम पाणी फुकट चाललं होतं.