तांब्याच्या गडूतलं पाणी

बाबांचा उजवा हात नोव्हेंबरपासून लुळा पडला होता आणि वाचाही गेली होती. ग्रीसमधल्या आमच्या वोलोस बंदरातले सगळे डॉक्टर झाले. व्यायाम करून घेणारी बाई यायची, तिला पाहिलं की बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. शेवटी उपयोगी पडली ती त्यांनीच खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत पाळलेली कोळंबी. लाल अंगाची, पाठीवर पांढरा पट्टा. रोज सकाळी मी बाबांचा तो हात पाण्यात सोडायचो आणि ती बोटांवर चढून नखांच्या कडा साफ करत बसायची. आई तिला डॉक्टरीणबाई म्हणायची. नाताळच्या आठवड्यात बाबांची करंगळी हलली. मी संडासात जाऊन रडलो, लपवू कशाला.

टाकीच्या बाबतीत बाबा पहिल्यापासून कडक. जन्मभर जहाजांचे नळ जोडलेला माणूस. पाण्यात तांब्याचा अंश जरी उतरला तरी कोळंबी जगत नाही, हे ऐकून आमचे कान किटले होते. टाकीजवळ यायचं तर खिशातली तांबडी नाणीसुद्धा काढून ठेवायला लावायचे.

सहा जानेवारीला, फोताच्या, म्हणजे चर्चमध्ये पाणी मंतरून तीर्थ वाटायच्या सणाच्या सकाळी, वाळूवर कवच दिसलं. मी बाबांना म्हटलं, कात टाकलीय तिने, काळजी करू नका. बाबा माझ्याकडे बघेचनात. चिमट्याने कवच उचललं तर आत ती तशीच अडकलेली होती.

मी वैतागून पाणी तपासायला घेतलं. खारटपणा ठीक, ऊब ठीक. तेवढ्यात आई चर्चमधून नवं तीर्थ घेऊन आली. मेलेली कोळंबी पाहून तिने छातीवर क्रूस काढला.

"बिचारी," ती म्हणाली. "तरी बरं, जाता जाता तीर्थ तरी लाभलं तिला."

"कसलं तीर्थ?"

"गेल्या वर्षीचं, गडूत उरलेलं. नवं आणायच्या आधी काल रिकामा केला ना. ते काय मोरीत ओतायचं? दरवर्षी समुद्रात सोडते, यंदा म्हटलं घरातच समुद्र आहे. शिवाय ह्याचा हात रोज त्यातच बुडतो."

आजीचा तो तांब्याचा गडू. कल्हई उडून किती वर्षं झाली, देव जाणे. त्यात वर्षभर मुरलेलं पाणी.

"बाबा कुठे होते तेव्हा?" मी विचारलं.

"इथेच, खुर्चीत. इतका खूश झाला, काय सांगू. डावा हात हलवून ओ ओ करत होता. किती दिवसांनी आवाज काढला त्याने!"

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. इतक्यात बाबांच्या डाव्या हाताने माझं मनगट धरलं. घट्ट. डोळे भरले होते, पण मान हळूहळू नाही म्हणत होती.

"म्हातारी झाली होती ती, आई," मी म्हटलं.

"मला वाटलंच," आई म्हणाली. मग तिने बाबांची बाही वर सारली आणि त्यांचा उजवा हात स्वतः पाण्यात सोडला. डॉक्टरीण नसली तरी तीर्थ आहेच त्यात, असं म्हणत तिथेच स्टूल ओढून बसली.

बाबांनी हात काढला नाही. मी बराच वेळ करंगळीकडे बघत राहिलो. ती हलली नाही.